माझ्या भावाच्या आजाराचं नाव पुढं करून वडावरची वटवाघळं हाकलू नका : आमच्या कॉलनीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी आणि कमिटीचे सगळे सदस्य,
तसंच कॉलनीतले सगळे काका, काकू, दादा, वहिनी,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या मीटिंगमध्ये जो ठराव झाला आणि नंतर ग्रुपवर आणि जिन्याखालच्या बोर्डावर जी नोटीस लागली तिच्याबद्दल हे पत्र आहे. मीटिंगमध्ये मी बोलायला उठले होते पण "ताई, वेळ झालाय, पुढचा विषय घेऊ" म्हणून मला बसवलं गेलं, म्हणून आता सगळं लिहून काढतेय आणि उघडपणे लिहितेय, कारण सोलापुरात अजून कुठं कुठं जुने वड आणि चिंचा शिल्लक आहेत आणि त्यांच्याखाली राहणाऱ्या लोकांच्या मोबाईलवर पण तेच मेसेज फिरतायत जे आपल्या ग्रुपवर फिरले.

नोटिशीत लिहिलंय की हॉलमागचा वड आणि त्यावरची वटवाघळं हा "काळ्या बुरशीचा स्रोत" आहे, म्हणून झाड पाडायचं, परवानगी मिळेपर्यंत रोज संध्याकाळी फटाके लावून आणि धूर करून वटवाघळं हाकलायची आणि त्यासाठी घरटी पाचशे रुपये वर्गणी काढायची. आणि सगळ्यात खाली एक ओळ आहे, "आपल्याच कॉलनीतील एका सदस्यास या रोगामुळे डोळा गमवावा लागला आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी."

तो सदस्य म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याला कुणी विचारलं नाही, मला नाही, वहिनीला नाही. त्यानं ती नोटीस जिन्यात उभं राहून वाचली आणि घरी येऊन मला म्हणाला, "माझ्या डोळ्याचा आणि त्या झाडाचा काय संबंध आहे ते तू नीट लिही, तुला कळतं त्यातलं."

मला त्यातलं थोडंफार कळतं कारण मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी लोकांचं रक्त काढणं, शुगर लावणं, स्लाइड बघणं हेच माझं काम. २०२१ च्या एप्रिल-मे-जूनमध्ये नाकातून घेतलेले नमुने केओएच (बुरशी स्पष्ट दिसावी म्हणून टाकायचं रसायन) टाकून मायक्रोस्कोपखाली बघितले की रुंद, रिबिनीसारखे, आडवेतिडवे धागे दिसायचे, मध्ये पडदे जवळजवळ नाहीतच आणि फाटा फुटला की काटकोनात फुटलेला. ते दिसलं की आम्ही मायक्रोस्कोपवरून मान वर करून आधी डॉक्टरांना फोन करायचो, रिपोर्ट नंतर टाइप व्हायचा, कारण या आजारात तास मोजतात.

दादाला कोविड झाला, ऑक्सिजन खाली गेला, स्टेरॉइड द्यावं लागलं आणि त्यानंच तो वाचला हे पण खरं आहे. पण त्याला शुगर आधीपासून होती आणि ती धड कंट्रोलमध्ये नव्हती, स्टेरॉइडनं ती आणखी चढली. घरी आल्यावर आठवड्याभरात एका बाजूचा गाल बधिर, वरचे दात दुखायला लागले, नाक बंद, मग डोळ्याखाली सूज. दातांचं दुखणं म्हणून आधी दाताच्या डॉक्टरकडं नेलं. पुढं ऑपरेशन झालं, एक डोळा काढला, वरच्या जबड्याचा तुकडा काढला, आज तो टाळूला प्लेट लावून जेवतो. प्लेट नसली तर पाणी नाकातून येतं. अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनसाठी वहिनी कुठं कुठं फिरली ते तिलाच माहीत, देशभरात तुटवडा होता, आणि मिळाल्यावर पण ते औषध किडनीला जड म्हणून रोज क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघावं लागायचं. ही सगळी आमच्या घरची गोष्ट आहे आणि ती तुम्ही एका ओळीत एका झाडाच्या विरोधात वापरलीत, माझा पहिला आक्षेप हाच आहे.

आता मूळ मुद्दा. ती बुरशी वेगळी आणि वडावरचं वटवाघूळ वेगळं, आणि दादाच्या आजारात त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे नुसतं म्हणून भागणार नाही म्हणून दोघांबद्दल नीट लिहिते, जरा लांबेल, पण वाचा.

बुरशी आधी. या आजाराला म्युकरमायकोसिस म्हणतात आणि आपल्या देशात तो सगळ्यात जास्त ज्या बुरशीमुळं होतो तिचं नाव रायझोपस अर्‍हायझस. ती कुठं राहते? मातीत, शेणखतात, उकिरड्यात, सडलेल्या फळात, शिळ्या पावावर. पावावर पांढरा कापूस आणि त्यात बारीक काळे ठिपके दिसतात ना, ते ठिपके म्हणजे तिच्या बीजाणूंच्या पिशव्या. फुटल्या की बीजाणू हवेत. तुम्ही, मी, मीटिंगला बसलेले सगळे रोज ते श्वासातून आत घेतो आणि काही होत नाही, कारण आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना तिथंच संपवतात. आपली कडक भाकरी महिनोन् महिने टिकते कारण तिच्यात ओलच नसते, तीच भाकरी ओली करून डब्यात झाकून ठेवा, बुरशी कुठून आली म्हणून शोधायला झाडावर जायची गरज नाही.

मग दादालाच का? शुगर खूप वाढली की पांढऱ्या पेशी सुस्त होतात, रक्त आम्लाकडं झुकलं की बांधून ठेवलेलं लोह मोकळं होतं, आणि या बुरशीला साखर पण हवी असते आणि लोह पण. वरून स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दाबलेली. आणखी एक, बहुतेक बुरश्यांना आपल्या शरीराची ३७ डिग्रीची उष्णता सोसत नाही, म्हणून माणसाला बुरशीचे मोठे आजार तसे कमीच होतात, पण रायझोपस त्या उष्णतेत मजेत वाढते. ती रक्तवाहिनीत शिरते, तिथं रक्त गोठतं, पुढचा भाग रक्ताविना मरतो आणि काळा पडतो. म्हणून तर कापावं लागतं, मेलेल्या भागात रक्त जात नाही म्हणजे औषध पण पोचत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. दादा घरी आला तेव्हा दोन-तीन घरांनी आमच्याकडं यायचं बंद केलं होतं, त्यांना तेव्हाही हे सांगितलं होतं, आज परत सांगतेय.

मे २०२१ मध्ये केंद्रानं राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंद करायला सांगितलं आणि जूनच्या शेवटापर्यंत देशात ४० हजारांच्या वर पेशंट नोंदले गेले, त्यात महाराष्ट्र आणि गुजरात सगळ्यात पुढं. एवढ्या पेशंटना विचारलेले प्रश्न काय होते? डायबेटिस आहे का, स्टेरॉइड किती दिवस घेतलं, ऑक्सिजन लागला का. घराजवळ वटवाघूळ आहे का असा रकाना आमच्या एकाही फॉर्मवर नव्हता. आठवत असेल तर तेव्हा कांद्याच्या सालीवरच्या काळ्या पावडरीचा पण मेसेज फिरला होता, ती अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची वेगळीच बुरशी आहे, पण लोकांनी पोतीच्या पोती कांद्याकडं संशयानं बघितलं, तेही आपल्या सोलापुरात, जिथं मार्केट यार्डात सीझनला कांद्याच्या गाड्यांची रांग रस्त्यावर येते. आज तोच प्रकार वटवाघळाच्या बाबतीत होतोय. आणि रायझोपसच्या जातभाईंपासून इंडोनेशियात सोयाबीनचं टेंपे बनवतात, रोजचं खाणं आहे ते तिथलं. म्हणजे बुरशीवर पण माझा राग नाही, ती कुजवायचं काम करते, ते थांबलं तर शेतात खत तयार होणार नाही. आमच्या घराचं जे नुकसान झालं ते कंट्रोलमध्ये नसलेल्या शुगरमुळं झालं, आणि त्याबद्दल नोटिशीत एक शब्द नाही.

आता वटवाघूळ. आपल्या वडावर आहेत ती फळं खाणारी मोठी वटवाघळं, टेरोपस मेडियस, जुन्या पुस्तकांत टेरोपस जायगँटियस असं नाव सापडेल. पंख पसरले की चार-पाच फूट भरतात, वजन किलोच्या आसपास. हा सस्तन प्राणी आहे, आपल्यासारखा. पिल्लाला दूध पाजतो. मादी वर्षाला एकच पिल्लू देते, ते पण पोटात पाचेक महिने वाढवून. पाळलेल्या स्थितीत हा प्राणी तीस वर्षांच्या वर जगल्याची नोंद आहे. आणि ज्या झाडावर थवा बसतो त्यावर तो पिढ्यान् पिढ्या येत राहतो. उलट बुरशीची एक वसाहत दोन-चार दिवसात लाखो बीजाणू सोडते. म्हणजे फटाक्यांनी तुम्ही संपवणार त्याला, जो वर्षाला एक पिल्लू देतो, आणि जिच्या नावानं संपवणार तिला या सगळ्याचा पत्ता पण लागणार नाही. उलट एवढं मोठं झाड तोडल्यावर मुळं उकरणार, माती उडणार, पाला-फांद्या ढीग लागून तिथंच कुजणार. खोदकाम आणि बांधकामाच्या धुळीतून बुरशीचे बीजाणू वाढतात म्हणून हॉस्पिटलच्या आवारात काम चालू असलं की अशक्त पेशंटना जपावं लागतं. झाड पाडून आपण दादासारख्या माणसाच्या खिडकीसमोर नेमकं तेच करणार आहोत.

हे वटवाघूळ छोट्या वटवाघळांसारखं आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडत नाही, ते डोळ्यांनी आणि वासानं फळ शोधतं, म्हणून त्याचे डोळे एवढे मोठे. ते केसात अडकतं, रक्त पितं असलं काही नसतं. वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, बदाम, अशोकाची फळं खातं, रस गिळतं आणि चोथा थुंकतं, बारीक बिया पोटातून जाऊन लांब कुठंतरी पडतात. आपल्याकडं पाऊस किती पडतो सगळ्यांना माहीत आहे, माणसानं लावलेली रोपं टँकरनं जगवावी लागतात आणि हे प्राणी फुकटात वड-पिंपळ पेरत फिरतात. फुलांतला रस पितात तेव्हा परागीकरण पण होतं.

ग्रुपवर जो फोटो फिरला, वटवाघळाच्या नाकावर पांढरी बुरशी असलेला, "बघा वटवाघळं बुरशी पसरवतात" म्हणून, त्याबद्दल मी मुद्दाम लिहितेय कारण त्या फोटोमुळंच मीटिंगमध्ये हात वर झाले. तो फोटो आपल्या वटवाघळाचा नाहीच. ते अमेरिकेतलं छोटं तपकिरी वटवाघूळ आहे, मायोटिस ल्युसिफ्युगस, वजन जेमतेम दहा ग्रॅम, किडे खातं. आणि ती बुरशी रायझोपस नाही, तिचं नाव स्यूडोजिम्नोअ‍ॅस्कस डिस्ट्रक्टन्स. ती थंडीतली आहे, २० डिग्रीच्या वर वाढतच नाही, म्हणजे माणसाच्या अंगात वाढायचा प्रश्नच नाही. ही छोटी वटवाघळं हिवाळाभर गुहेत झोपतात, तेव्हा त्यांचं अंग गुहेइतकंच गार पडतं आणि बुरशीला नाकावर, पंखांवर जागा मिळते. बुरशीमुळं त्यांची झोप मोडते, साठवलेली चरबी भर हिवाळ्यात संपते, खायला बाहेर किडे नसतात आणि ती उपाशी मरतात. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत २००६ मध्ये हे पहिल्यांदा फोटोत आलं आणि तेव्हापासून लाखोंनी वटवाघळं मेली. युरोपातल्या वटवाघळांवर तीच बुरशी असते पण ती अशी मरत नाहीत, म्हणजे बुरशी तिकडूनच आली असं शास्त्रज्ञ मानतात, आणि ती गुहांमध्ये नेण्यात माणसांचे बूट-कपडे पण असणार. तेव्हा त्या फोटोत वटवाघूळ हा पेशंट आहे. माझ्या दादासारखा. त्याला आरोपी करून तुम्ही ठराव पास केलात. आणि तिकडं वटवाघळं गेल्यावर काय झालं तर शेतातले किडे वाढले आणि त्या भागातल्या शेतकऱ्यांची कीटकनाशकाची फवारणी जवळपास ३१ टक्क्यांनी वाढली, असा अभ्यास २०२४ मध्ये छापून आलाय. आपल्यातल्या निम्म्या लोकांची गावाकडं द्राक्षं नाहीतर डाळिंब आहे, फवारणीचा खर्च काय असतो हे मी सांगायला नको.

मीटिंगमध्ये एका शेजाऱ्यांनी निपाहचं काढलं, म्हणजे वटवाघळांपासून माणसाला होऊ शकणाऱ्या विषाणूच्या आजाराचं. तो प्रश्न मला योग्य वाटतो आणि मी तो झटकणार नाही. २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला निपाह आला तेव्हा याच जातीच्या वटवाघळांत तो विषाणू सापडला, आणि महाबळेश्वरच्या गुहेतल्या दुसऱ्या जातींच्या वटवाघळांत पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) निपाहच्या खुणा मिळाल्या हे पण पेपरात आलं होतं. म्हणून काय करायचं? उष्टं, चावलेलं, खाली पडलेलं फळ खायचं नाही, मुलांना खाऊ द्यायचं नाही, पडलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं शिवायचं नाही, फळं धुऊन सोलून खायची. एवढं केलं की बहुतेक काम झालं. आणि फटाके लावून काय होणार? ऑस्ट्रेलियात अशाच मोठ्या वटवाघळांवर निपाहच्या जवळच्या हेंड्रा विषाणूचा बरीच वर्षं अभ्यास झालाय, तिथं दिसलं की प्राणी उपाशी आणि ताणात असले, त्यांची जागा गेली की विषाणू बाहेर टाकण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे निपाहची भीती असेल तर त्यांना रोज संध्याकाळी भेदरवणं हा सगळ्यात चुकीचा उपाय आहे. दुसरी एक बुरशी आहे, हिस्टोप्लाझ्मा, ती खरोखर वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या साचलेल्या विष्ठेत वाढते, पण ती गुहा, बंद पडके वाडे अशा ठिकाणी जिथं वर्षानुवर्षं ढीग साचतो. आपलं झाड उघड्यावर, ऊन-वारा लागणारं आहे. तरी झाडून काढताना पाणी मारून, मास्क लावून झाडायला सांगा, आपल्या सफाईवाल्या मावशींना मास्क आणि ग्लोव्हज मिळायलाच हवेत, वटवाघळं असोत नसोत.

आता ठरावाबद्दलच्या बाकीच्या तक्रारी. अजेंड्यावर "झाडांची छाटणी" असं लिहिलं होतं, पाडण्याचा विषय ऐन वेळी आला. निम्मी घरं मीटिंगला नव्हती, लग्नसराई चालू आहे. कुठल्या डॉक्टरचं, कुठल्या प्राणीशास्त्राच्या प्राध्यापकाचं मत घेतलं नाही, शहरात एवढी कॉलेजं आहेत. राज्यात १९७५ चा झाडांचा कायदा आहे, शहरात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड पाडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज झाड म्हणून जास्त संरक्षण आहे. आपला वड पन्नासच्या कितीतरी पुढचा आहे, कॉलनी व्हायच्या आधी तिथं शेत होतं तेव्हाचा तो बांधावरचा वड, हे सगळ्या जुन्या लोकांना माहीत आहे. वन्यजीव कायद्यात पूर्वी फळं खाणारी वटवाघळं उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, कुणीही मारली तरी चालायचं, पण २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली. अध्यक्ष काकांनी "त्यांना मारलं तरी गुन्हा नाही" असं जे सांगितलं ते त्या जुन्या यादीच्या भरवशावर सांगितलं.

आणि वेळ बघा. आत्ता मार्च चालू आहे. फेब्रुवारी ते मे हा यांच्या पिल्लांचा काळ. सुरुवातीचे काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला चिकटून असतं, ती उडते तेव्हा पण. फटाका फुटला की थवा एकदम उठतो, पिल्लं सुटतात आणि खाली आपल्याच पार्किंगमध्ये पडतात. परवा दोन पडली होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं, शाळेतून आलेल्या पोरांनी पण बघितलं. पुढं एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४४ ला जातो, त्या उन्हात हे प्राणी सुपासारखे पंख हलवत, अंग चाटून ओलं करत कसेबसे तग धरतात. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूरकडं बेलघाटला शेकडो वटवाघळं एकदम मरून पडली, लोक घाबरले की कोरोना आला, तपासणीत निघालं की ती उन्हानं मेली. वडाची सावली गेली तर आपल्या वटवाघळांचं पण तेच होणार, आणि मग मेलेल्या प्राण्यांचा ढीग कोण उचलणार याचा विचार झालाय का?

त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. सी विंगच्या काकूंची गाडी रोज घाण होते, डाग निघत नाहीत, आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्यात रोज गाडी धुवायची कशी हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात वास येतो. पहाटे कलकलाट होतो, ए विंगच्या आजोबांची झोप मोडते, त्यांचं वय बघता मला त्याचं वाईट वाटतं. हे सगळं सोडवता येतं आणि सोडवायला पाहिजे. पण तो त्रास आहे, रोग नाही, आणि त्रासाला रोगाचं नाव दिलं की मग कुणी काही विचारतच नाही, सगळे घाबरून हात वर करतात. मीटिंगमध्ये तसंच झालं.

म्हणून माझ्या, दादाच्या आणि वहिनीच्या वतीनं या मागण्या आहेत.

नोटिशीतली दादाबद्दलची ओळ काढा आणि त्या वडाचा किंवा वटवाघळांचा त्याच्या आजाराशी संबंध नाही, असं बोर्डावर आणि ग्रुपवर दोन्हीकडं लिहा. ज्या ठिकाणी चुकीचं छापलं त्याच ठिकाणी.

फटाके आणि धूर आजपासून बंद. परवानगीच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत सुद्धा नाही, कधीच नाही.

झाड पाडण्याचा अर्ज मागं घ्या. फांद्या हॉलच्या पत्र्यावर टेकल्यात तेवढ्याच छाटायच्या असतील तर वृक्ष प्राधिकरणाची रीतसर परवानगी घेऊन आणि पिल्लांचा काळ संपल्यावर.

वडाखालचं पार्किंग हलवून पाण्याच्या टाकीच्या बाजूला न्या, तिथं जागा मोकळी आहे. ते जमत नसेल तर वडाखाली हिरव्या नेटची शेड करा. वर्गणी काढायचीच असेल तर मी याला पाचशे काय, जास्त देईन.

विषय परत जनरल मीटिंगमध्ये घ्या, आठ दिवस आधी स्पष्ट अजेंडा देऊन, आणि एखाद्या कॉलेजातले प्राणीशास्त्राचे सर किंवा मॅडम बोलवून. त्यांनी माझं म्हणणं खोडून काढलं तर मी ऐकून घेईन.

आणि शेवटची मागणी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दादाच्या नावानं काही करायचंच असेल तर कॉलनीत शुगर तपासणी ठेवा. उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर. आपल्या कॉलनीत कितीतरी जण असे आहेत ज्यांनी कोविडनंतर एकदाही शुगर बघितली नाही, काही जण गोळी "बरं वाटतंय" म्हणून स्वतःच बंद करून बसलेत, मला नावं माहीत आहेत पण इथं लिहिणार नाही. शेजारच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायका आणि लूमवरचे कामगार यांना पण बोलवू, त्यांना लॅबला यायला सुट्टी मिळत नाही. रक्त मी काढीन, हॉल तुम्ही द्या, किटचा खर्च त्या वर्गणीतून भागेल. रविवारी सकाळी सातपासून ठेवू, चहा-नाष्टा नंतर. गाल बधिर होणं, नाकातून काळपट पाणी, वरचे दात हलणं, एकाचे दोन दिसणं, डोळ्याभोवती सूज, यातलं काही शुगरच्या माणसाला झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जायचं, हे मी तिथं तेलुगू आणि कन्नडमध्ये पण लिहून लावीन, शब्द शेजारच्या अक्कांकडून तपासून घेईन.

या पत्राचं उत्तर येत्या रविवारपर्यंत बोर्डावर लावावं ही विनंती. फटाके तोपर्यंत चालूच राहिले तर मी वन खात्याकडं आणि वृक्ष प्राधिकरणाकडं लेखी तक्रार देणार आहे, अर्ज लिहून तयार आहे, पण त्याआधी आपापसात मिटावं असं मला मनापासून वाटतं.

कळावे,
आपली शेजारीण,
बी विंग, दुसरा मजला